कोहळ्याच्या वड्या आणि स्टीलचा डबा

आधी चहा घ्या बरं, कारण माझा हा पराक्रम ऐकता ऐकता तो गार होणार आहे. स्वयंपाकात सगळ्याच चुकतात हो. कोणाचं मीठ जास्त पडतं, कोणाची पोळी करपते. पण गल्लीतल्या सगळ्या पोरींना घरी बोलावून मी त्यांच्यापुढे जे ठेवलं, ते आजवर कोणत्या आईने ठेवलं नसेल!

आमच्या केनवड गावात कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई असते, तुमच्याकडच्या भोंडल्यासारखी. संध्याकाळी पोरी घरोघरी जातात, मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणतात आणि शेवटी घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. डबा हलवून, वास घेऊन आत कायची खिरापत आहे ते ओळखायचं. ओळखली तर पोरी जिंकल्या. नाही ओळखली, तर त्या घरची लेक दुसऱ्या दिवशी शाळेत नाक वर करून फिरते.

आमच्या समृद्धीला, म्हणजे माझ्या दुसरीतल्या लेकीला, ते नाक काही वर करता येईना. कारण घरातच फितूर! धाकटा देवांश, अंगणवाडीवाला. शेजारची वैष्णवी त्याच्या हातावर एक गोळी ठेवायची आणि हा पठ्ठ्या सगळं ओकून मोकळा. शिरा केला, ओळखला. मुरमुऱ्याचे लाडू केले, ते तर डबा बाहेर यायच्या आधीच ओळखले.

कोजागिरी दोन दिवसांवर आली आणि लेक रडायलाच लागली. "सगळ्यायच्या घरची नाई ओळखत. आपलीच काहून ओळखते व आई?"

लेकीच्या डोळ्यात पाणी आलं की माझ्या अंगात येतं. मी पदर खोचला आणि म्हटलं, "उद्याची खिरापत कोनाच्या बापाले ओळखू येनार नाई. पाह्यजो तू!"

बोलले खरी. आता करायचं काय? मोबाइलवर एक बाई कसल्याशा वड्या करत होती. अर्धं तिचं ऐकलं, अर्धं मनाचं घातलं. लाल कोहळं, म्हणजे तुमचा लाल भोपळा, गूळ, तीळ, आणि कोणाला वासही कळू नये म्हणून बडीशेप, ओवा आणि सुंठ. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात देवांशने आपली चप्पल पाण्याच्या टाक्यात टाकली. ती काढून येईपर्यंत गुळाचा पाक फार पुढे निघून गेला होता.

वड्या जरा कडक झाल्या. म्हटलं, असू दे, दात आहेत पोरींना.

आता लपवायच्या कुठे? स्वयंपाकघरात देवांशचं राज्य. तेव्हा मी डोकं चालवलं. हो, हसू नका, तेव्हा मला ते डोकंच वाटलं! आमच्याकडे आहेरात आलेले दोन स्टीलचे डबे आहेत, जुळे भाऊ असावेत तसे. एक माझा. दुसरा ह्यांनी कधीच बळकावला आणि त्यात नटबोल्ट भरून ओसरीतल्या फळीवर ठेवला. त्या फळीला पोरं बापाच्या धाकाने हात लावत नाहीत. मी वड्यांचा डबा गुपचूप तिथेच, त्याच्या शेजारी सरकवला.

दुपारी मी देवांशला आंघोळ घालत होते. शेतात सोयाबीन काढणं चालू होतं. हे गाडीवरून आले आणि बाहेरूनच ओरडले, "मळणीयंत्र बंद पडलं व! बोल्टाचा डबा नेऊन राह्यलो!"

"न्या!" मी आतून म्हटलं. किती सहज म्हटलं बघा!

संध्याकाळी पोरी आल्या. गाणी झाली. समृद्धी सारखी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. मी ऐटीत ओसरीत गेले, फळीवर उरलेला डबा उचलला, वर रुमाल टाकला. डबा जड लागला. म्हटलं, कोहळंच मुळात जड. हलवला तर आत खणखण वाजलं. तरी मला शंका आली का? मी मनात म्हणते, पाक फारच पुढे गेलेला दिसतो!

वैष्णवीने डबा कानाला लावला. "शंकरपाळे?"

"नाई!"

"फुटाने? गूळपट्टी? करंज्या?"

"नाई, नाई, नाई!" समृद्धी जागच्या जागी उड्या मारत होती. वैष्णवीने देवांशकडे पाहिलं, त्याने खांदे उडवले. सगळ्या पोरींनी नाक लावून वास घेतला.

"काकू, तेलाचा वास येते."

"तळलेलं नाई काही," मी म्हटलं.

तेवढ्यात वैष्णवीची धाकटी बहीण परी म्हणाली, "बोल्ट हायेत आतमंदी."

सगळ्या खो खो हसल्या. मी तर तिला प्रेमाने समजावलं, "बेटा, खायची वस्तू सांग."

शेवटी वैष्णवीने हात टेकले. "हारलो काकू. उघडा."

मी वाजतगाजत झाकण काढलं. आत ग्रीस लागलेले बोल्ट, वायसर आणि एक तुटका पान्हा!

क्षणभर भुलाबाईसुद्धा माझ्याकडे बघतेय असं वाटलं. मग परी किंचाळली, "म्या ओळखलं व्हतं! म्या ओळखलं व्हतं!"

"हौ काकू," वैष्णवी म्हणाली, "परीनं सांगतलं, तुमीच नाई म्हनलं. आमी जिंकलो."

"हे खिरापत नोय!" समृद्धीचा ओठ थरथरायला लागला. "आईनं दुसरीच केली हाय!"

"मंग दाखवा."

काय दाखवू? कपाळ? लेकीचे डोळे भरले. मी ह्यांना फोन लावला, आणि घाईघाईत स्पीकरवरच लागला.

"अहो, तुमी नेलेल्या डब्यात वड्या हायेत नं?"

"व्हत्या," हे म्हणाले. "बोल्ट आनाले मानूस बाजारात धाडला. तोवर चहासंगं सगळ्यायनं खाल्ल्या, पान्ह्यानं फोडू फोडू. पन एक सांग, व्हतं काय व ते? कोनी म्हने चिक्की, कोनी म्हने डिंकाचा लाडू. मले तं वाटलं ढोराईची सरकीची ढेप हाय का काय!"

पोरी ओढण्या तोंडात कोंबून हसत होत्या. पण समृद्धीने डोळे पुसले आणि माझ्या हातातून फोनच ओढला.

"पप्पा, कोनालेच नाई ओळखू आलं? खाऊनबी?"

"नाई व माय. खाऊनबी नाई."

"जिंकलो! आई, आपून जिंकलो!"

वैष्णवीला मान्य करावंच लागलं. परीने थोडी कुरकुर केली, तिला गूळ-फुटाणे देऊन गप्प केलं. आणि लेक मला धरून अशी नाचली, अशी नाचली, की लाज वाटायचं मी विसरूनच गेले. मीही नाचले. का नाचू नये? हलवून कळली नाही, वासाने कळली नाही, आणि पान्ह्याने फोडून चावून गिळल्यावरही कळली नाही, अशी खिरापत आमच्या अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कोणाला जमलीय का!