गवंडीमामांची गोटी

गवंडीमामांनी चाळीस वर्षं गुडघ्यांवर रांगत वाळू-सिमेंटचा कोबा केला. जावयाने मात्र नव्या खोलीत पाइपातून पातळ मिश्रण ओतलं आणि ते आपलं आपण सपाट झालं.

"जावईबापू, जमीन करताय की लादी पुसताय?" मामा फणकारले.

जमीन वाळल्यावर मामांनी खिशातून आपली गोटी काढली. उतार शोधायला ती त्यांच्याकडे कायम असायची. मधोमध ठेवली, तर ढिम्म हलेना. मामांनी चोरून फुंकर मारली, तेव्हा कुठे वीतभर सरकली.

"गोटीच बिघडलीय."

"बाबा, घरी तुमच्या कोब्यावर तर ती थेट कपाटाखाली पळते!" मुलगी हसली.

"पळणारच! माझ्या कोब्यात जीव आहे."