गेरूचं रिंगण

ओल्या गेरूचा वास आला की मला एका जागी बसवत नाही. निजामाच्या राज्यात, भूमजवळच्या आमच्या गावात, सासूबाईंच्या कमरेला नागीण उठली होती. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातं, म्हणून रोज सकाळी मी फोडांच्या दोन्ही टोकांना गेरू लावून मधलं अंतर बोटांनी मोजायची. फोड सुकले, घरानं देवापुढं नारळ फोडला. सासूबाई मात्र लुगडं अंगापासून लांब धरून अंगणात येरझाऱ्या घालत राहिल्या. “आत सुया टोचतात गं,” म्हणायच्या. “कामाचा कंटाळा आला असंल,” मी शेजारणीला म्हणाले, त्यांना ऐकू जाईल असं. मग मेंढरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या धनगरानं बाभळीच्या काट्यानं त्यांच्या हातापायांना टोचलं. “फोड गेल्यावरच लई ठणकतं,” तो म्हणाला. त्या तासभर शांत पडल्या. “बघा, नाटकच होतं,” मी म्हणाले. यंदा मला नागीण झाली. फोड गेले, ठणका राहिला. सून मला हातापायांना बारीक सुया टोचणाऱ्या डॉक्टरकडे नेते. तासभर बरं वाटतं, मग मी पदर अंगापासून लांब धरून फेऱ्या मारते. सून मला काही बोलत नाही. शेजारणीला काही म्हणत असेल, तर हल्ली मला ऐकू येत नाही.