रुमालातली बुरशी

आधी चहा घ्या, कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्यासमोर बसाल की नाही, शंकाच आहे. दिवा निवडायला बसलो आणि मी काय दिवे लावले, ते सांगतो!

मी वसईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. घर गिरीजला, केळीच्या वाडीत. कॉलेजात फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आला. त्यात ठरावीक प्रकाश टाकला की काही पदार्थ अंधारात स्वतःच चमकतात. प्रश्न एवढाच, की दिवा कुठला घ्यायचा? मर्क्युरी की एलईडी? विक्रेत्याने दोन्ही बघायला ठेवले आणि आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत ठरवा."

मर्क्युरी म्हणजे रुसका जावई! तापायला वेळ, आणि एकदा विझवला की गार होईपर्यंत पुन्हा पेटायचं नाव नाही. एलईडी बटण दाबलं की हजर, पण त्यात फक्त निळा प्रकाश. मर्क्युरीत अतिनीलसुद्धा.

मला कुठे धीर धरवतोय? घरच्या केळीचं मूळ आणलं, काप काढला, काच खिशातल्या रुमालाने लख्ख पुसली. कुठलाही रंग न लावता मर्क्युरीखाली बघतो, तर काय! निळे झगझगीत धागे! एलईडीखाली तेच धागे गायब.

रंग न लावता चमकणारी बुरशी? जगात कुणी पाहिली नसेल! आता फक्त तिचं बारसं करायचं बाकी होतं. बाबांना फोन लावला.

"बाबा, विहिरीकडच्या केळीला बुरशी आहे. तोडा!"

"अरे, पानं हिरवीगार आहेत. घड आठ दिवसांत उतरायचाय."

"शास्त्र आहे हे, बाबा!"

"बरं. ती आत्ता तोडतो, मग जेवून अख्खी रांगच काढतो. लागण नको."

अख्खी रांग! वर्षभराची मेहनत. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या फिलोमिनाबाई आल्या. त्यांना धागे दाखवायला हात पुढे केला आणि माझी बाही लेन्सखाली गेली. लख्ख निळी!

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, बुरशी तुमच्या शर्टावर पण चढली काय?"

मग रुमाल धरला. तोही दिवाळीसारखा पेटला!

आता आमच्या वाडीतल्या घरांचं एक गुपित सांगतो. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून मरेपर्यंत जात नाही. म्हणून आई पांढऱ्या कपड्यांना धुण्याची पावडर दुप्पट घालते. त्या पावडरीत पांढरं जास्त पांढरं दिसावं म्हणून जे घालतात, ते अतिनील प्रकाशात चमकतं. माझी बुरशी म्हणजे रुमालाचे तंतू!

धावत फोन.

"बाबा, थांबा!"

"थांबलो. एक गेली."

शनिवारी एलईडीच मागितला, पण अतिनीलसकट. मॅडमनी कारण विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "लगेच बंद करता येतो." खरं तर मलाच बंद करायला हवं होतं!

त्या एका घडाची कच्च्या केळ्यांची भाजी आम्ही किती दिवस खाल्ली, विचारू नका. चौथ्या दिवशी वाढताना आई म्हणाली, "खा रे निवांत. नुसत्या पाण्याने धुतलीयत, चमकायची नाहीत."