कमलबाईच्या अर्जावरचा शेरा

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आईला कळलं असतं तर तिनं माझं तोंड बघितलं नसतं — बरं झालं, न कळताच गेली. आज तुम्हाला सांगतेय. कुठून सुरुवात करावी, तेच समजत नाहीये.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. जामखेडहून बदली मागून मी माहेरच्या तालुक्यात, पंचायत समितीत आले. का मागितली बदली? माझं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं — मुलगी, पुऱ्या दिवसांची. जामखेडच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत. कुणाची ओटी भरायची असली की बायका मला हळूच वगळायच्या. नव्या ऑफिसात कुणी मूलबाळ विचारलं, तर मी म्हणाले, अजून काही नाही. मग एकीच्या डोहाळेजेवणात मला पहिल्या मानानं ओटी भरायला बोलावलं. लाज वाटते सांगायला, पण फार सुखावले मी.

आणि माझ्या टेबलावर कमलबाईचा अर्ज आला.

कमलबाई आमच्या गावची जुनी सुईण. मेलेलं मूल झालं की आमच्याकडे पुरुषमाणसं ते लगोलग नेऊन पुरतात. आईला तोंडही दाखवत नाहीत. दुखवट्याला कुणी येत नाही. रडली तर म्हणतात, दुसरं होईल. पण दूध — ते तर येतंच ना? कमलबाई नि तिच्या तीन सोबतिणी अशा बाईजवळ जाऊन बसायच्या. दूध आटावं म्हणून छाती बांधून द्यायच्या, बाळ कसं दिसत होतं ते सांगायच्या. आता मंडळ नोंदवून त्यांनी लांबच्या गावांसाठी सरकारकडं एसटीचं भाडं मागितलं होतं. एवढंच.

बाळंतपणाला मी माहेरी आले होते, तेव्हा माझी छातीही तिनंच बांधली होती — दहा दिवस, रोज. "कपाळ तुज्यावानीच हुतं, पोरी," हे तिनंच सांगितलं होतं.

अर्जाचं काय झालं ते विचारायला ती ऑफिसात आली, तेव्हा साहेबांनी तिच्यासमोरच मला विचारलं, "तुम्ही बाईमाणूस, तुम्हीच सांगा. असल्या कामाची गरज आहे का?"

हो म्हटलं, तर तुम्हाला कसं ठाऊक, हे आलंच असतं. मी नाही म्हणाले.

साहेब कमलबाईकडं वळले. एखाद्या बाईचं नाव सांगा, म्हणाले. एक नाव पुरलं असतं — ते नाव समोर खुर्चीत बसलेलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई साहेब. आमी नावं सांगत नस्तो."

मी शेरा लिहिला: तालुक्यात अशी गरज आढळून येत नाही. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. जाताना ती मला म्हणाली, "येते, म्याडम."

पुढं त्या चौघी पायी जाता येईल तेवढ्याच गावांना गेल्या. लांबच्या गावांतल्या बायकांची छाती कुणी बांधली असेल? माहीत आहे मला. कुणीच नाही.