वापरलेलं घड्याळ

आमच्या काकांचं सांगलीच्या पेठेत घड्याळांचं दुकान होतं. मी मूळचा कडेगावकडचा. मॅट्रिक झाल्यावर काकांच्या हाताखाली आलो. तेव्हा आमचं गाव सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात, आणि सांगली हे संस्थान. घड्याळं समुद्रापलीकडून यायची. मुंबईच्या गोदीत त्यांच्यावर सरकारी जकात बसायची आणि सांगलीच्या नाक्यावर संस्थानची वेगळी. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत माल मिळेना. मिळालाच तर जकातीमुळं त्याची किंमत एवढी चढायची की गिऱ्हाईक काचेतून बघायचं आणि पुढं जायचं. बायकांच्या नाजूक सोनेरी घड्याळाला मात्र लग्नसराईत मागणी असायची.

काकांना वाट सापडली ती आमच्याच गावाकडची. तिकडं घरटी एक माणूस पलटणीत, त्यातले बरेचजण मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये. परतणाऱ्या शिपायाच्या वापरातल्या वस्तूंना गोदीत जकात लागत नसे. काका मला म्हणाले, "तुझे दोस्त मिसरात आहेत ना? मग आपण कशाला जकात भरायची?"

लढाई संपत आली तेव्हा माझा एक दोस्त रजेवर आला. आम्ही एका बाकावर शिकलेलो. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याच्या विहिरीवर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर बसून मी विषय काढला.

"बायकी घड्याळ? आन् गोदीत सायबानं धरलं तर?"

"म्हणायचं, बाईचं हाय, लय दिस वापरलेलं हाय."

"माझी बाई हितं रानात भांगलतीया, आन् तिचं घड्याळ मिसरात व्हय?"

"तुझी बाई कुठं हाय ते सायबाला काय म्हाईत?"

"सांगलीला जाऊन लय बेरकी झालास रं गड्या," म्हणून तो हसला.

मग मी काकांनी दिलेले पैसे त्याच्या हातात ठेवले आणि रीत सांगितली. नवा पट्टा काढून टाकायचा, तिथल्या बाजारातून घामानं काळा पडलेला जुना पट्टा घ्यायचा, तो चढवायचा. बायकी रुमालात गुंडाळायचं, वर थोडं अत्तर. ही अक्कल माझी होती. आजवर मी ती काकांच्या नावावर खपवत आलो.

"आणतो," तो म्हणाला. "पर घरात बोलू नगंस. आई म्हणंल, पोरगं चोरट्या मालात पडलं."

लढाई संपली. त्याची बोट मुंबईला लागली, घड्याळ गोदीतून सुटलंही. पण घरी पोचायच्या आधीच त्याला विषमज्वर झाला आणि पुण्याच्या लष्करी दवाखान्यातच तो वारला. बातमी दुकानात आली तेव्हा काकांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्याची पेटी घरी पोचली असेल का?"

मी गेलो. सोप्यात त्याची आई होती, थोरला भाऊ होता, आणि पेटी घेऊन आलेला शेजारच्या गावचा एक शिपाई. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही बोलायच्या आत भावानं तो रुमाल माझ्यापुढं ठेवला.

"तुमी दोघं संगं शिकलेला. खरं सांगा, कोण हुती ती?"

मला खरोखरच कळलं नाही. "कोण?"

"जिचं ह्ये घड्याळ हाय ती."

शिपाई खाली मान घालून म्हणाला, "गोदीत म्या त्येच्या मागंच हुतो. सायबानं इचारलं तवा म्हणाला, बाईचं हाय, लय दिस वापरलेलं हाय. म्या माझ्या कानानं ऐकलं."

वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द.

तेवढ्यात त्याची बायको आतून आली. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. तिनं रुमालातलं घड्याळ उचललं आणि आम्हा सगळ्यांदेखत आपल्या मनगटाला लावलं. पट्ट्याचं झिजलेलं भोक काही जुळेना. पट्टा बोटभर कमी पडला.

"बघा भावजी," ती मला म्हणाली, "बारीक हाताची हाय. खुरपं कवा धरल्यालं न्हाई तिनं."

सासू म्हणाली, "ठिव गं ते खाली."

तिनं ठेवलं नाही. माझ्या हातात दिलं. "तुमचं म्हमईला जाणं-येणं असतं. पलटणीतल्या लोकास्नी इचारा आन् जिचं तिला पोचतं करा. दुसरीची वस्त ह्या घरात नगं."

एक वाक्य पुरलं असतं. मी घड्याळ खिशात घातलं, पुढं आलेला चहा प्यायलो आणि निघालो.

काकांनी चावी दिली, कानाला लावलं, चालत होतं. नवा पट्टा चढवला आणि त्याच लग्नसराईत ते विकलं. ना गोदीत जकात भरली, ना नाक्यावर. तिकडं काय झालं ते मी सांगितलं तेव्हा ते हातातलं काम थांबवून म्हणाले, "आता बोललास तर चोरटा माल आणला म्हणून त्याच्या घरचं पेन्शन बंद होईल." हे खरं होतं की नाही, मी कुणालाच विचारलं नाही. न विचारणं माझ्या सोयीचं होतं.

भावकीत त्याच्या मिसरातल्या बाईच्या गोष्टी होऊ लागल्या. कुणी तिचं रूपही सांगे. मी गावी गेलो तरी त्या आळीला जात नसे.

काका वारले, माझीही मुलं संसाराला लागली, तेव्हा कुठं मी त्या घरी गेलो. त्याची बायको अंगणात शेंगा फोडत होती. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. ती रडेल, नाहीतर शिव्या देईल, असं धरून चाललो होतो. तिचे हात थांबले नाहीत. टरफलांचा आवाज तेवढा चालू होता.

मग म्हणाली, "पितरांच्या म्हाळाला म्या त्येच्या नावाचा घास कवा ठिवला न्हाई. दीर ठिवायचं, मी आत बसायची. पुढं दीरबी गेलं. मग कुणीच ठिवला न्हाई."

तिनं मूठभर दाणे सुपात टाकले.

"म्हंजी इतकी वर्सं दारातनं उपाशी गेला म्हणायचा."

हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. मी अब्रूचा विचार करत होतो, लोक काय बोलले त्याचा. मी म्हणालो, "वहिनी, चूक माझी हाय, तुमची न्हाई."

"ते झालं वो," ती म्हणाली. "मला एकटीला सांगून काय? ज्येंच्याम्होरं त्येचं नाव गेलं त्यास्नी सांगा."

"त्यातलं आता कोण ऱ्हायलंय?"

"कोण ऱ्हायलं असंल त्येला सांगा. त्येंच्या पोरास्नी सांगा. गोष्ट पोरास्नीबी ठाव हाय."

त्या वर्षी पितृपंधरवड्यात तिनं पान वाढल्याचं मी ऐकलं. मला बोलावणं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. भावकीतल्या चार घरी जाऊन मी सांगून आलो. एकानं ऐकून घेतलं. बाकीच्यांना जुनी गोष्टच बरी वाटत होती. त्याची बायको वारली तेव्हाही गावात काहीजण तेच बोलत होते.

म्हणून हे लिहून ठेवतो. माझा दोस्त बायकोशी इमानानं राहिला. मिसरात त्याची बाई कुणी नव्हती.