लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे

गल्लीत त्यांना सगळे भरतकाकू म्हणत. तरुणपणी रुमालांच्या कोपऱ्यांवर फुलं भरून त्यांनी संसाराला हातभार लावला होता. पुढे डोळे सुईशी भांडायला लागले, तेव्हा हिय्या करून त्यांनी भरतकामाचं मशीन घेतलं आणि नक्ष्या तयार करायचं सॉफ्टवेअरही. ते शिकताना काकूंनी कॉम्प्युटरला एवढ्या शिव्या घातल्या, की शेवटी तोच शहाणा झाला, असं काका म्हणत.

काका म्हणजे त्यांचे यजमान. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. निवृत्त झाल्यापासून घरातली एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली नव्हती. मिक्सर झाला, दाराची घंटा झाली, आता डोळा होता कॉम्प्युटरवर. तो हल्ली फारच रेंगाळायचा. एके सकाळी काकू दोरे आणायला बाहेर पडल्या आणि काकांनी डाव साधला. नक्ष्या तेवढ्या पेन ड्राइव्हवर काढून घेतल्या, बाकीची हार्ड डिस्क पुसून लख्ख केली आणि सिस्टिम नव्यानं टाकली.

काकू परतल्या तेव्हा स्वारी खुशीत होती.

"बघ, कसा पळतोय!"

"पळतोय खरा. पण माझं सॉफ्टवेअर कुठाय?"

"परत टाकू की! रीतसर घेतलेलं आहे, चोरीचं थोडंच आहे?"

टाकलं. लायसन्सचा नंबर मेलमध्ये सापडला, तोही घातला. पण पडद्यावर पाटी झळकली: हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे.

"दुसरा कुठला?" घरात सवत निघावी तशा नजरेनं काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं.

आता आली पंचाईत. संध्याकाळी चौकातल्या हॉटेलचे ॲप्रन द्यायचे होते, प्रत्येकावर त्या त्या आचाऱ्याचं नाव. मशीन तयार, कापड तयार, पण अक्षरं बनवणारं सॉफ्टवेअरच रुसून बसलेलं. काकूंनी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"जुन्या कॉम्प्युटरवरून आधी लायसन्स काढा मॅडम, मग नव्यावर चालेल."

"अगं, जुना आणि नवा एकच आहे."

"मग जुन्यात जाऊन काढा."

"जुना पुसलाय!"

"पुसायच्या आधी काढायचं असतं, मॅडम."

"हे ज्यांनी पुसलं ना, त्यांनाच सांग," म्हणत काकूंनी फोन काकांच्या हातात कोंबला.

काकांनी घसा खाकरला. "हे बघ बाळ, मी लिफ्टवाला माणूस. आत कुणी अडकलं, तर 'चढायच्या आधी विचार करायचा होता' असं आम्ही नाही सांगत. आधी बाहेर काढतो. बोलणी नंतर."

पलीकडे खुदकन हसू. "थांबा काका. साहेब जेवायला गेलेत. आले की विचारते आणि मीच फोन करते."

हातावर हात धरून बसणं काकूंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी कपाटातून जुनी लाकडी रिंग काढली, ॲप्रन ताणून बसवला. सुईत दोरा ओवायचं काम काकांकडे आलं. चष्मा कपाळावर, जीभ दातांत, चौथ्या झटक्यात दोरा आत!

"लिफ्टची तार बरी होती," ते पुटपुटले.

काकूंना हसू फुटलं आणि तिथेच राग निम्मा उतरला. बोटं काही विसरली नव्हती. पहिलं नाव जरासं तिरकं आलं, पण ठसठशीत आलं.

दुसऱ्या नावाचं पहिलं अक्षर होतंय न होतंय तोच फोन वाजला. "साहेबांनी जुनी नोंद काढून टाकली, काकू. आता घाला नंबर."

या खेपेला सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं दार उघडलं. पण आत बटणं भलतीकडेच, दोऱ्यांचे रंग परक्याचे.

"कुणी माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवल्यासारखं वाटतंय," काकू करवादल्या आणि एकेक वस्तू जागेवर लावत सुटल्या. मग मशीन धडधडू लागलं. काका निमूटपणे रिळं बदलत राहिले.

रस्त्यावरचे दिवे लागता लागता ॲप्रन पोचते झाले. हॉटेलच्या मालकानं उलटसुलट करून पाहिले आणि मान डोलावली. परत येताना काकू म्हणाल्या, "पुन्हा माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा असेल, तर आधी मला विचारायचं."

"विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं!"