झाकणाची बाजू

पाल नावाचा वायरमन मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा त्याला कमरेच्या वर काहीच नव्हतं. आमच्या माळ्यातून नुसते दोन पाय लोंबत होते आणि ते माझ्या बायकोकडे आरसा मागत होते.

"भांग पाडायचाय का?" तिने विचारलं.

"वहिनी, त्याला केस लागतात," पाय म्हणाले.

दोन दिवस मी त्या पायांशीच गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी चेहरा दिसला, तर ओळखच लागेना.

जिथे डोकं शिरत नाही तिथे हात घालून, आरशात बघत वायरीचे पाइप बसवण्यात त्याचा जन्म गेला. कायम भिंतीला चिकटलेला, म्हणून पाल. हे नाव त्याच्या बायकोनेच ठेवलेलं.

पुढे तिची फुप्फुसं थकली. दवाखाना म्हणाला, घरी न्या, पण ऑक्सिजनच्या मशीनसाठी पलंगाशेजारी स्वतंत्र लाइनचा प्लग हवा, आणि वायर पाइपातूनच आलेली हवी. मशीनवाला शनिवारी चारला बघायला येणार होता. त्याने नापास केलं की पुढचा नंबर दीड महिन्याने.

पालीची खोली जिन्याखाली. तुळई आणि चौकटीमध्ये दोन बोटांची फट, आणि पाइपाला वळायचं होतं नेमकं तिथेच. गोल बेंड मावेना. हवा होता झाकणाचा बुटका एल्बो, म्हणजे काटकोनी जोड. वायर वळणावर अडली की झाकण काढायचं, आत बोट घालून तिला पुढे ओढायचं. पाच दुकानं पालथी घातल्यावर सहाव्यात धुळकट डब्याच्या तळाशी एकुलता एक सापडला. तो त्याने घरापर्यंत मुठीत धरून आणला.

शनिवारी शिडी धरायला मी होतो. आरशात बघत त्याने एल्बो सोल्युशनने पक्का चिकटवला आणि वायर ढकलली. ती वळणावर अडली. झाकणाकडे नेलेलं त्याचं बोट नुसतंच चाचपडत राहिलं.

"काय झालं रे?"

"झाकण भिंतीकडे गेलं."

आयुष्यभर आरशातलं उलटं मनात सुलटं करणारा हा माणूस. त्या दिवशी घाईत, दिसलं तेच त्याने खरं मानलं.

तीन वाजले होते. त्याने वायरीला साबण लावला, तेल लावलं, शिव्या घातल्या, शेवटी हात जोडले. तेवढ्यात दवाखान्यातून बायकोचा फोन आला.

"अहो, झालं का?"

"होतंय."

"आवाज असा का येतोय?"

"फटीत आहे."

"मग बाहेर या आधी. उभा जन्म फटीत घालवलात."

मला हसू आलं आणि शिडी हलली. तो हसला नाही. कपाळ तुळईला टेकवून तसाच उभा राहिला.

चारला मशीनवाला आला. "काम सुबक आहे हो," म्हणाला. मग त्याने प्लगमध्ये टेस्टर घातला. टेस्टरचा दिवा लागला नाही.

पालीची बायको तिच्या बहिणीकडे राहायला गेली. तिथे पलंगाशेजारी प्लग आधीपासूनच होता.